मागच्या दाराचं पान

आमच्या दुबईच्या फ्लॅटला मागचं दार नाही. इथे कुणाच्या फ्लॅटला असतं म्हणा! पुढचं एक दार, ते उघडलं की कॉरिडॉर, कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या चपला. त्यामुळे पितृपक्षात ‘मागच्या दाराचं पान’ ठेवायचं कुठे, हा प्रश्न लग्नानंतर पहिल्याच वर्षी उभा राहिला. मी तो माझ्या पद्धतीने, म्हणजे आवाज चढवून, सोडवला. बायकोला म्हटलं, “वॉशिंग मशीनपाशी ठेव. तिथून बाल्कनीचं दार उघडतं. खलास.”

आमच्या घराण्याची रीत अशी. सर्वपित्रीला सगळ्या पितरांची पानं वाढून झाली, कावळ्याचं आणि गायीचं काढून झालं, की शेवटचं एक पान मागच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं. त्यावर भात, वरण, एक भाजी. खीर नाही, वडा नाही. नाव घ्यायचं नाही, नमस्कार मात्र करायचा. लहानपणी एकदा मी आईला विचारलं होतं, हे कुणाचं? तिने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, “मागच्या दारच्या बाईचं. जेव गप.” पुढे माझ्या लेकीने मला तेच विचारलं तेव्हा मीही तेच उत्तर दिलं. धपाटा तेवढा घातला नाही. इथल्या पोरांना धपाटा घालायची सोय नाही, लगेच “बाबा, दॅट्स नॉट ओके” ऐकावं लागतं.

तर वर्षानुवर्षं ते पान साबणाच्या पावडरीच्या डब्याशेजारी ठेवलं जायचं. आमच्या गल्लीत कावळे फारसे फिरकत नाहीत, साळुंक्या येतात. त्या बाल्कनीच्या कठड्यावर बसून भांडायच्या आणि वरणभात संपवायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मी नोकरीला रुवैसला, अबूधाबीच्या पार पश्चिम टोकाला. आठवडाभर तिकडे कंपनीच्या खोलीत, शुक्रवारी दुपारी निघालो की संध्याकाळी घरी. माझं काम सेफ्टीचं. रोज सकाळी कामगारांना उभं करून हिंदीत एकच गोष्ट सांगायची की थोडक्यात टळलेला अपघातसुद्धा लपवू नका, लिहून द्या, कुणी तुम्हाला ओरडणार नाही. आणि मग दिवसभर मीच ओरडत असतो, तो भाग वेगळा.

ही गोष्ट गेल्या पितृपक्षातली. घरात आम्ही पाच जण होतो. मी, बायको, अकरावीतली लेक आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. शिवाय दोन महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई. सासूबाईंचं माहेर-सासर दोन्ही नामांकित. बोलता बोलता “आमच्या कुळात” असं त्या दिवसातून चारदा तरी म्हणतात. अण्णा त्यांच्यापुढे जरा दबूनच असायचे. मला वाटायचं, असतो एखाद्याचा स्वभाव.

त्या शुक्रवारी जेवताना लेकीने जाहीर केलं की पुढच्या शनिवारी ऊद मेथाच्या एका शाळेत इंटरस्कूल डिबेट आहे. विषय, गुलामांच्या वंशजांना नुकसानभरपाई मिळाली पाहिजे का? चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तिच्या वाट्याला विरोधी बाजू आली होती.

“आय वॉन्टेड टू बी फॉर इट,” ती वैतागून म्हणाली.

“विरोध सोप्पा आहे,” मी म्हटलं. साडेतीन तास गाडी चालवून आलेलो, तरी मत तयारच होतं. “सांग त्यांना, हे अमेरिकेचं भांडण, इंग्लंडचं भांडण. आपला काय संबंध? आपल्यात कुठे होते गुलाम?”

“अगदी बरोबर,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्या कुळात तर नोकरमाणसाला घरच्यासारखं वागवायचे.”

मी जोरात होतोच, त्याच जोरात बायकोला म्हटलं, “अगं, पाणी दे ना!”

तीही नुकतीच ऑफिसमधून आलेली. “जग तुझ्या नाकासमोर आहे. मी काय बटीक आहे का तुझी?”

सगळे हसले. लेकीने विचारलं, “व्हॉट्स बटीक?”

“स्लेव्ह,” मी पाणी ओतून घेत सांगून टाकलं. आपल्यात गुलाम नव्हते असं मी दोन मिनिटांपूर्वीच म्हटलं होतं, आणि आता त्यांना लागणारा शब्द माझ्या तोंडात आयता होता. पण ते लक्षात यायला अक्कल लागते. माझ्या आलं नाही. अण्णा मात्र पानात भात टाकून हात धुवायला उठले. अण्णा ताटात एक शीत ठेवत नाहीत, तो माणूस भात टाकून उठला आणि मी पापड खात बसलो.

दुसऱ्या दिवशी लेकीला डिबेटच्या प्रॅक्टिसहून आणायला निघालो तर अण्णा चपला घालून तयार. “मी येतो,” म्हणाले. उन्हात कुठे येता म्हणून मी कटकट केली, ते सरळ गाडीत जाऊन बसले. ऊद मेथाला लेक मागच्या सीटवर येऊन बसली, मी गाडी काढली आणि पहिल्याच सिग्नलला अण्णा मागे न बघता बोलायला लागले.

“बाळा, काल तू विचारलंस ना, बटीक म्हणजे काय? विकत घेतलेली बाई. आपल्याकडे असायच्या. माझ्या पणजोबांची आई बटीक होती.”

सिग्नल हिरवा झालेला मला कळलाच नाही. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला आणि काच खाली करून “यल्ला, यल्ला!” केलं. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी मुकाट्याने गाडी पुढे घेतली आणि पहिल्या पार्किंगमध्ये लावून एसी चालू ठेवून बसलो.

अण्णांनी जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. त्यांनाही तेवढंच माहीत होतं. दुष्काळात आईबापांनी सात-आठ वर्षांची पोर जोंधळ्याच्या बदल्यात आमच्या घरी दिली. तिने शेण काढलं, पाणी भरलं, दळण दळलं. मोठी झाली तेव्हा घरच्या मालकापासून तिला मुलगा झाला. अशा मुलाला तेव्हा लेकावळा म्हणायचे. तो घरात वाढायचा, पण पंगतीला नसायचा. मालकाच्या लग्नाच्या बायकोची मुलं जगली नाहीत. घर बंद पडायची वेळ आली तेव्हा मालकीणबाईंनी याच मुलाला आडनाव दिलं, घर दिलं. अट एकच. त्याची आई मागच्या दारानेच येईल-जाईल. जिवंतपणी आणि मेल्यावरही.

“तो मुलगा म्हणजे आपण,” अण्णा म्हणाले. “ते पान तिचं.”

मागे लेक पुढे सरकून दोन सीटांच्या मध्ये डोकं घालून बसली होती. “सो द ओनर इज अवर ॲन्सेस्टर. अँड द स्लेव्ह इज ऑल्सो अवर ॲन्सेस्टर.”

“हो.”

“मग भरपाई कोण कुणाला देणार?” हे ती चक्क मराठीत म्हणाली. आणि मग टाळी वाजवून, “आजोबा! धिस इज माय होल केस!”

“नाही,” अण्णा म्हणाले. “हे बाहेर कुठे बोलायचं नाही. तुझ्या आजीला ठाऊक नाही हे. लग्न ठरवताना त्यांनी मला पाच पिढ्यांची माहिती विचारली होती. कोण, कुठले, आई कुठल्या घरची. मी चार पिढ्या सांगितल्या. पाचवीला पाणी प्यायला म्हणून उठलो तो परत त्या विषयावर आलोच नाही. मी फसवलं त्या लोकांना. आता आम्ही एका घरात राहतो, एका टेबलावर जेवतो. हे कळलं तर कोणत्या तोंडाने बसू मी त्यांच्यासमोर?”

मी भडकलो. दुसरं काही येत नाही ना मला! “सेहेचाळीस वर्षांचा घोडा झालोय मी, आणि मला आज सांगताय? तेही गाडीत?” पण खरं सांगायचं तर राग अण्णांवर नव्हताच. पहिल्यांदा मनात काय आलं असेल, तर हे ऑफिसात कुणाला कळलं तर? इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना कळलं तर? त्या बाईचं काय झालं असेल हे मनात नंतर आलं. आणि त्याच्याही नंतर आलं की तिला आपण साबणाच्या डब्याशेजारी जेवायला वाढत होतो. मला लाज वाटली. इतकी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

लेक म्हणाली, “ओके आजोबा. प्रॉमिस. नाही सांगणार.” आणि माझ्याकडे वळून, “अँड नो खीर? सीरियसली, बाबा? इतक्या वर्षांत कुणालाच वाटलं नाही?”

मी गाडी सुरू केली.

तो आठवडा रुवैसला कसा काढला माझं मला माहीत. सकाळी कामगारांसमोर उभा राहायचो, “छुपाना नहीं” म्हणायचो आणि पुढचं वाक्य विसरायचो. माझा फोरमन एकदा म्हणालाही, “साब, आज चिल्लाया नहीं, तबीयत ठीक है ना?”

डिबेटच्या शनिवारी आम्ही सगळे गेलो. हॉलमध्ये एसी असा की सासूबाईंनी शाल गुंडाळून घेतली. आम्ही तिसऱ्या रांगेत. बाजूने बोलणारी मुलगी दुसऱ्या शाळेची होती, बारीक चणीची, पण बोलली काय! ज्याचं लुबाडलं तो मेला म्हणून लुबाडलेलं पचलं, असा हिशेब कुठल्या घरात चालतो, असं काहीतरी म्हणाली इंग्रजीत. मी टाळ्या वाजवायला लागलो तर बायकोने चिमटा काढला. “अरे, आपली दुसऱ्या बाजूला आहे!”

आमचीही चांगली बोलली. म्हणाली, वंश ही सरळ रेघ नसते. घेणारा आणि ज्याच्याकडून घेतलं तो, दोघं एकाच रक्तात असू शकतात. मग चेक कुणी फाडायचा आणि कुणाच्या नावाने? लोक हसले. मला वाटलं, जिंकली पोर.

तेवढ्यात परीक्षकांपैकी चष्मेवाल्या बाईंनी माइक ओढला. त्यांनी विचारलं, असं एक तरी कुटुंब सांगू शकशील? फक्त एक. पुस्तकातलं वाक्य नको, उदाहरण हवं.

लेकीने आमच्याकडे पाहिलं. अण्णांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि त्यांनी गुडघा असा धरला की दुखलं. बोल, असं मला वाटत होतं. नको बोलू, असंही वाटत होतं. दोन्ही एकदमच.

“आय नो वन, मॅम,” ती म्हणाली. “बट आय प्रॉमिस्ड.”

बाई हसल्या, चांगल्या हसल्या, आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. आमची टीम हरली. थोडक्यात हरली, पण हरली.

घरी येताना गाडीत सासूबाई सुरू झाल्या. “कसलं गं प्रॉमिस? कुणाला केलं होतंस? एक उदाहरण द्यायचं होतं, तर तोंडात मिठाची गुळणी धरून उभी! एवढं येत असून हरायचं, याला काय अर्थ आहे?”

“इट्स फाइन, आजी,” लेक म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. अण्णा पुढे माझ्या शेजारी होते. घरी आल्यावर कपभर दूध घेतलं आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार, सर्वपित्री. बायको आणि सासूबाई सकाळपासून स्वयंपाकघरात. गवारीची भाजी, भोपळ्याचं भरीत, आमसुलाची चटणी, वडे, खीर. करामाच्या बाजारातून मी केळीची पानं आणली होती, एक पान पाच दिरहमला, म्हणजे एकशे वीस रुपये, गावाकडे कुणी फुकट दिलं तरी माणूस दोनदा विचार करतो. पितरांची पानं मांडून झाली. बायकोने शेवटचं पान काढलं, भात, वरण, भाजी घातली आणि नेहमीसारखं अण्णांच्या हातात दिलं. ते पान ठेवायचं काम अण्णांचं.

अण्णा पान घेऊन बाल्कनीच्या दिशेने निघाले आणि हॉलच्या मधोमध थांबले. वळले.

“विहीणबाई, जरा बसता का? मला काही सांगायचंय.”

सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. अण्णा बसले नाहीत. पान हातात धरून उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. दुष्काळ, जोंधळा, लेकावळा, मागचं दार. मग पाचवी पिढी. “मी पाणी प्यायला उठलो तो तुम्हाला चुकवायला. मी तुम्हाला फसवलं. काल पोर हरली ती माझ्यापायी. तिने मला दिलेला शब्द पाळला. आता तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, माझ्या मुलाला नका बोलू.”

बायको डाव हातात धरून दारात उभी. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. माझ्या मनात वाक्यं तयार होती. सासूबाई “आमच्या कुळात” एवढं जरी म्हणाल्या असत्या ना, तरी मी घर डोक्यावर घेतलं असतं.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. मग म्हणाल्या, “पाणी प्यायला उठलात ते आठवतंय मला. परत आलात ते आमच्या बागेतल्या आंब्याबद्दल विचारत आलात.”

“तुमच्या लक्षात आलं होतं?”

“पाचपर्यंत मोजता येतं मला, अण्णा. मला वाटलं, असेल कुणी दारुडाबिरुडा. आमच्या यांना म्हटलंसुद्धा घरी गेल्यावर. हे म्हणाले, घराणं चांगलं आहे, मुलगा तेवढा तोंडाळ आहे.”

बायको फिस्सकन हसली. लेक तर मोठ्याने हसली. या घरात काहीही झालं तरी शेवटी माझ्यावरच येतं.

“पण खोटं कशाला बोलू,” सासूबाई पुढे म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बदलला होता. “तेव्हा सांगितलं असतंत तर मी नाहीच म्हटलं असतं. तेव्हा मी तशीच होते. बरं केलंत नाही सांगितलं. नाहीतर ही कार्टी कुठून आली असती?”

अण्णा हसले. मग रडले. पान हातात असल्यामुळे डोळे पुसता येईनात, तर लेकीने पुढे होऊन आपल्या ओढणीने पुसले. “हुश्श,” अण्णा म्हणाले. ऐंशीला टेकलेला माणूस, परीक्षेचा पेपर देऊन आल्यासारखा हुश्श म्हणाला. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, आणि गंमत म्हणजे ते तिथे होतं हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं.

मी अण्णांच्या हातातलं पान घेतलं. बाल्कनीकडे जायचा प्रश्नच नव्हता. टेबलावरची माझी थाळी बाजूला सरकवली आणि तिथे ठेवलं.

“नाव काय तिचं?” सासूबाईंनी विचारलं.

“माहीत नाही,” अण्णा म्हणाले.

“निदान आवडायचं काय?”

“तेही माहीत नाही. कुणी विचारलंच नसेल.”

सासूबाई आत गेल्या आणि खिरीचं पातेलं घेऊन आल्या. “नाव माहीत नाही, आवड माहीत नाही. मग सगळंच वाढा. वडे आण गं. भरीत आण. आणि तो चटणीचा वाडगा.”

पान भरलं. खिरीला जागा उरली नाही, तेव्हा शेजारी वाटी ठेवली. नमस्कार झाला. मग सवयीने मी ते पान उचलून साळुंक्यांना द्यायला निघालो तर सासूबाई माझ्यावर खेकसल्या, “ठेवा ते खाली! पंगतीतलं पान आहे, उचलता काय? त्यावर माणूस बसतं.”

“कोण बसणार?” मी विचारलं.

त्यांनी नातीकडे बोट केलं. “बस गं.”

“मी?” लेक मराठीत म्हणाली. “मी कशी बसू? दॅट्स हर्स.”

“आणि तू कुणाची?” सासूबाई म्हणाल्या. “तिचीच ना? बस.”

लेक बसली. तिने आजोबांकडे बघितलं, आजोबांनी मान हलवली. आमच्या घरात दीडशे वर्षांत त्या पानावर कुणी बसून जेवलं नव्हतं. तिने आधी खिरीची वाटी उचलली, संपवली आणि पुढे केली. आणखी मागितली.